एक महाकाय पाणबुडी आखू या!

दोस्तांनो, कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि घरात असेल तर कॅल्क्युलेटरही घ्या. आज आपण एक पाणबुडी आखणार आहोत. जगात आजवर झाली नाही एवढी मोठी, अणुशक्तीवर चालणारी, पोटात क्षेपणास्त्रं घेऊन महिनोन् महिने पाण्याखाली राहणारी. नाव तुमच्याच नदीचं ठेवू: 'कन्हान'.

पांढुर्ण्याचा नाहीतर सौंसरचा कुणीतरी लगेच विचारेल, "काऊन जी, आमच्याकडे ना समुद्र, ना बंदर. आम्ही संत्रावाले. आम्ही कायले पाणबुडी आखाची?"

प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरादाखल दोन माणसांची गाठ घालून देतो. एक गोष्टीतला, एक खरा. दोघंही तुमच्या मध्य प्रदेशच्याच बाजूचे.

गोष्टीतला माणूस म्हणजे कॅप्टन नेमो. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८७० च्या सुमारास एक कादंबरी लिहिली. तिच्यात नेमोची 'नॉटिलस' ही पाणबुडी जगभरचे समुद्र पालथे घालते. लांबी ७० मीटर, मधोमध रुंदी ८ मीटर. त्या काळात खऱ्या पाणबुड्या नुकत्याच रांगायला लागल्या होत्या, आणि व्हर्नने मात्र विजेवर चालणारी, दुहेरी कवचाची, आत ग्रंथालय असलेली पाणबुडी कागदावर उभी केली. हा नेमो कोण, हे पहिल्या पुस्तकात कळतच नाही. ते कळतं पुढच्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीत. तो असतो राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा! १८५७ च्या लढ्यात तो इंग्रजांशी लढतो, हरतो, आणि मग एका निर्जन बेटावर गुपचूप आपली पाणबुडी बांधतो. कुणाला संशय येऊ नये म्हणून एकेक भाग वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांतून मागवतो. व्हर्नच्या गोष्टी भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या. मिळाल्या तर जरूर वाचा.

आता खरा माणूस. डॉ. अनिल काकोडकर. जन्म ११ नोव्हेंबर १९४३, गाव बडवानी, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलंच. तिथे समुद्राचा मागमूस नाही. बडवानी आणि खरगोनला शाळा शिकून हा मुलगा मुंबईला गेला, यंत्र-अभियंता झाला आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाला. पुढे ते या केंद्राचे संचालक झाले, त्यानंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. आपल्या 'अरिहंत' या पहिल्या देशी अणुपाणबुडीची अणुभट्टी याच केंद्राने घडवली.

आता पेन्सिल उचला.

तुम्ही सगळे आधी पाणबुडीचा लांबट आकार काढाल आणि मग त्यात क्षेपणास्त्रं बसवाल. खरे आखणारे उलट करतात. आधी क्षेपणास्त्र किती उंच, किती जाड आणि किती जड ते ठरतं, मग त्याच्याभोवती पाणबुडी. आजवरची सगळ्यात मोठी पाणबुडी सोव्हिएत संघाने बांधली. पाश्चात्त्य देश तिला 'टायफून' म्हणतात. लांबी १७५ मीटर, रुंदी २३ मीटर, पाण्याखाली वजन सुमारे ४८,००० टन. अशा सहा बांधल्या. पहिली १९८१ च्या डिसेंबरात नौदलात आली. आत खलाशांसाठी छोटासा पोहण्याचा हौदसुद्धा होता! एवढी मोठी कशाला? हौसेपोटी नाही. तिचं क्षेपणास्त्र १६ मीटर लांब आणि ८० टनांहून जड होतं, आणि तशी २० न्यायची होती. क्षेपणास्त्र आटोपशीर करता आलं नाही, म्हणून पाणबुडी अवाढव्य झाली.

आपली 'अरिहंत' ११२ मीटर लांब आणि ६,००० टनांच्या आसपास. तिचा फोटो नीट पाहिलात तर मनोऱ्याच्या मागे पाठीवर एक उंचवटा दिसेल. आतली क्षेपणास्त्रं उभी ठेवायला गोल कवचाची उंची पुरत नाही, म्हणून तो उंचवटा. मला तो फार आवडतो. आखणाऱ्यांना काय अडचण आली आणि त्यांनी ती कशी सोडवली, ते बाहेरून डोळ्यांना दिसतं.

'कन्हान' आपण २०० मीटर लांब आणि २० मीटर जाड धरू. दोन्ही टोकं निमुळती असतात ते सोडून द्या, सरळ नळकांडं समजा. त्रिज्या १० मीटर. ३.१४ गुणिले १० गुणिले १० गुणिले २००. उत्तर येतं ६२,८०० घनमीटर. समुद्राचं पाणी खारं, त्यामुळे एक घनमीटर पाणी १,०२५ किलो भरतं. म्हणजे 'कन्हान' ६४ हजार टनांहून जास्त पाणी बाजूला सारणार.

खरी गंमत आता आहे. आर्किमिडीजने सांगून ठेवलंय की वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढंच वजन पाणी उचलून धरतं. मग पाण्याच्या मधोमध, ना वर ना खाली, स्थिर राहायचं असेल तर 'कन्हान'चं वजनही ६४ हजार टनच भरलं पाहिजे. कमी भरलं तर ती बुडणारच नाही, जास्त भरलं तर वर येणार नाही. तुम्ही म्हणाल, आत मोठं क्रीडांगण करू, सिनेमाघर करू, सगळं ऐसपैस ठेवू. ठेवा. पण रिकामी हवा वजन देत नाही. जेवढी ऐसपैस जागा, तेवढं दुसरीकडे शिसं भरून वजन पुरं करावं लागेल. खऱ्या पाणबुड्यांतही शिशाच्या विटा असतात. वर यायचं, खाली जायचं, हे रोजचं काम टाक्यांमधून चालतं. टाकीत समुद्राचं पाणी घेतलं की खाली, दाबलेल्या हवेने ते बाहेर ढकललं की वर.

आता खाली जाऊ. दर १० मीटरला पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोने वाढतो. ३०० मीटरवर तो ३० किलो होतो. ऐकायला काहीच वाटत नाही, हो ना? तुमची वही उघडा. पान साधारण २० बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटर. ३० ने गुणा. त्या एका पानावर १५,००० किलो! पांढुर्ण्याहून संत्री भरून निघालेला एक अख्खा ट्रक त्या पानावर उभा, आणि शेजारच्या पानावर दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, असे पाणबुडीच्या सगळ्या अंगावर, वरून, खालून, बाजूंनी.

म्हणून पाणबुडीचं पोट गोल. सपाट भिंत मध्ये वाकते. गोल कड्यावर मात्र दाब चहूकडून सारखा येतो आणि पोलाद फक्त आवळलं जातं. किती जाड पोलाद लागेल याचा कच्चा हिशोब आपणही करू शकतो. दाबाला त्रिज्येने गुणायचं आणि पोलाद जेवढा ताण बिनधोक सोसतं त्याने भागायचं. चांगलं पोलाद दर चौरस सेंटिमीटरला ३,००० किलो सोसतं असं धरू. त्रिज्या १० मीटर म्हणजे १,००० सेंटिमीटर. तीस गुणिले हजार, भागिले तीन हजार. उत्तर, १० सेंटिमीटर. खरे हिशोब पुष्कळ किचकट असतात, कारण कवच फुटायच्या आधी चेपायला लागतं, आणि ते चेपू नये म्हणून आतून पोलादी कडी जवळजवळ बसवावी लागतात. पण मुद्दा कळायला एवढं पुरे.

१० सेंटिमीटर जाडीचा पोलादी पत्रा गोल वाकवायचा, जोडायचा, आणि जोडात केसाएवढीही भेग राहिली नाही हे तपासायचं. महाकठीण काम! टायफूनच्या आखणाऱ्यांनी इथे नामी युक्ती केली. एक जाडजूड नळकांडं न घेता त्यांनी दोन बारीक नळकांडी शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर मिळून एक बाहेरचं पातळ कवच चढवलं. त्रिज्या निम्मी झाली की जाडीही निम्मी, आपल्या हिशोबात १० च्या जागी ५ सेंटिमीटर. दोन नळकांड्यांच्या मधल्या जागेत क्षेपणास्त्रांच्या नळ्या उभ्या केल्या. 'कन्हान'चं पोटही तसंच आखू. खोडरबर घ्या.

आणि इथे सौंसर येतं.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन, हे शाळेत शिकलात. पण लोखंडात गंधकही लपून बसलेलं असतं. पोलाद लालबुंद तापवून लाटायला घेतलं की हे गंधक लोखंडाशी मिळून कणांच्या फटींमध्ये वितळतं आणि पत्रा तडकतो. १८५६ साली हेन्री बेसेमरने पोलाद झटपट बनवायची रीत काढली, तेव्हा सुरुवातीला त्याचं पोलाद असंच दगा देत होतं. रॉबर्ट मुशेटने त्यात मँगनीज असलेलं लोखंड मिसळून पाहिलं. मँगनीज गंधकाला आधी पकडतं आणि लोखंडाच्या वाटेला जाऊ देत नाही. तेव्हापासून पाणबुडी असो, रेल्वेचा रूळ असो की घराची सळई, पोलाद म्हटलं की मँगनीज आलंच.

हे मँगनीज आपल्याकडे ज्या पट्ट्यात सापडतं, तिथल्या खडकांना जगभरचे भूशास्त्रज्ञ 'सौंसर समूह' म्हणतात. हो, तुमचंच सौंसर! या समूहाच्या थरांची नावं पाहा: लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवाणी, बिछुआ. सगळी आपल्या आजूबाजूच्या गावांची. ल्यूइस फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने हा मुलूख पायांखाली घातला आणि १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर भलाथोरला ग्रंथ छापला. इथल्या एका खडकाला त्याने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं, आणि त्या वेळच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारच्या खनिजाला 'सीतापाराइट'. पुढे कळलं की सीतापाराइट म्हणजे आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट, त्यामुळे ते नाव मागे पडलं. गोंडाइट मात्र आजही पुस्तकात आहे.

आणि हे खडक झाले कुठे? समुद्राच्या तळाशी. निदान नव्वद कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळावर गाळाबरोबर मँगनीज साचलं, पुढे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने त्या गाळाचे खडक झाले, घड्या पडल्या, वर उचलले गेले. तेव्हा पुन्हा कुणी म्हणालं की आमच्याकडे समुद्र नाही, तर त्याला काळा, जड मँगनीजचा दगड हातात द्या.

पोट झालं. आता त्यात जीव घालू.

डिझेलच्या इंजिनाला हवा लागते. म्हणून साधी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते, आणि बॅटरी उतरली की हवेची नळी वर काढून डिझेल चालवत बसावं लागतं. तेवढ्यात शत्रूला ती सापडू शकते. अणुभट्टीला हवा लागतच नाही. युरेनियमचा अणू फुटतो, त्यातून उष्णता निघते, बास. युरेनियम-२३५ एक किलोभर पुरतं फुटलं तर जेवढी उष्णता मिळते, तेवढ्यासाठी चांगल्या प्रतीचा अडीच-तीन हजार टन दगडी कोळसा जाळावा लागेल. परासियाच्या खाणींतून कोळशाची मालगाडी भरून निघते, तो ढीग आठवा.

भट्टीतल्या पाण्यावर एवढा दाब ठेवतात की ३०० अंशांच्या आसपास तापूनही ते उकळत नाही. हे तापलेलं पाणी नळ्यांतून फिरतं आणि नळ्यांबाहेरच्या दुसऱ्या पाण्याची वाफ करतं. दोन्ही पाणी कधीच एकत्र येत नाहीत, म्हणून किरणोत्सार भट्टीच्या बाजूलाच राहतो. वाफ टर्बाइन फिरवते. टर्बाइन भरारा फिरतं, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा, म्हणून मध्ये दातेरी चाकांची पेटी. 'अरिहंत'ची ही पेटी पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला घडली. कवचाचे भाग गुजरातेत हजिऱ्याला, जुळवाजुळव विशाखापट्टणमला. नेमोचे भाग देशोदेशींहून आले होते, आपले हे भाग आपल्याच गावांतून आले.

भट्टी थेट समुद्रात नेऊन पाहायची सोय नसते. म्हणून तमिळनाडूत कल्पाक्कमला पाणबुडीच्या कवचाचा ४२ मीटरचा तुकडा जमिनीवरच उभारला, त्यात तशीच भट्टी बसवली आणि चालवून पाहिली. २००६ साली ती पुरती कामाला लागली. मग २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला 'अरिहंत' पाण्यात उतरली. तेव्हाच्या पंतप्रधानांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी तिच्यावर नारळ फोडला. नौदलात ती दाखल झाली २०१६ साली. तिची बहीण 'अरिघात' २०२४ च्या ऑगस्टात आली.

वीज मुबलक, म्हणजे बाकीचं सोपं होतं. समुद्राचं पाणी गोडं करायचं, त्याच पाण्यातून विजेने ऑक्सिजन वेगळा काढायचा, खलाशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड यंत्राने शोषून घ्यायचा. मग पाणबुडीला वर यायला लावतं कोण? डाळ-तांदूळ! शिधा संपला की परतायचं.

इथवर आलात, तर आता सगळ्यात अवघड काम: गप्प बसणं. पाण्यात उजेड फार खोल जात नाही, रेडिओच्या नेहमीच्या लहरीही विरून जातात. आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने दूरदूर जातो. एक पंप खडखडला की ठावठिकाणा उघड. म्हणून यंत्रं रबरी बैठकींवर ठेवतात, अंगावर आवाज गिळणाऱ्या रबरी लाद्या चिकटवतात, चाकांचे दाते इतके नेमके घासतात की कुरकुर होऊ नये. पंखा फार जोरात फिरवला तर पात्यांजवळ पाण्याचे बुडबुडे होऊन फुटतात, तेही ऐकू येतात. माझ्या मते पाणबुडी आखणाऱ्याची खरी परीक्षा लांबीरुंदीत नाही, इथे आहे. 'कन्हान'मध्ये यंत्रं जास्त, म्हणजे आवाजाची ठिकाणंही जास्त.

आणि ती लपणार कुठे? मुंबईसमोर अरबी समुद्राचा तळ जवळजवळ ३०० किलोमीटरपर्यंत उथळच आहे. तिथे पाणी १०० मीटर असेल आणि २०० मीटरची 'कन्हान' नाक खाली करून सूर मारायला गेली, तर नाक चिखलात आणि शेपूट पाण्याबाहेर! विशाखापट्टणमच्या बाजूला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. म्हणून आपण तिला पूर्व किनाऱ्यावर ठेवू.

तिथे लपलेल्या पाणबुडीला निरोप कसा द्यायचा? फार लांब, काही मैलांच्या रेडिओ लहरी पाण्यात थोड्या खोलवर शिरतात. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातलं 'आयएनएस कट्टबोम्मन' हे नौदलाचं केंद्र त्याच कामासाठी आहे.

क्षेपणास्त्र सुटतानाही हिशोब थांबत नाही. सहसा आधी दाबलेल्या वायूने ते पाण्याबाहेर फेकलं जातं, आणि त्याचं इंजिन बाहेर आल्यावर पेटतं. आत पेटलं तर काय होईल, विचार करा. सुटल्याक्षणी पाणबुडी कित्येक टनांनी हलकी होते आणि वर उसळायला बघते. म्हणून रिकाम्या नळीत लगोलग समुद्राचं पाणी घेतात. पुन्हा वजन बरोबर.

एक गोष्ट तुम्हाला सरळ सांगायलाच हवी. हे शस्त्र आहे, आणि फार भयंकर शस्त्र आहे. आधी अण्वस्त्र वापरणार नाही, असं भारताचं धोरण आहे. कुणी आपल्यावर हल्ला केलाच तरी समुद्रात लपलेली पाणबुडी शिल्लक राहते, हे ठाऊक असलं की समोरचा धजत नाही, असा यामागचा विचार. तिच्या नळ्यांची झाकणं तशा कामासाठी कधीच उघडावी लागू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पण तिच्यात ओतलेली बुद्धी शस्त्रापुरती नाही, ती खोल समुद्राच्या दुसऱ्या कामातही दिसते.

हिंदी महासागराच्या तळाशी, चार-पाच हजार मीटर खोलीवर, बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज आहे! दहा लाख वर्षांत ते जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. भारताला तिथे ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू शोधकामासाठी मिळाला आहे. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था त्या खोलीवर माणसं उतरवायला 'मत्स्य ६०००' बनवते आहे. तीन माणसं, ६,००० मीटर खोली, आणि बसायला २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल, ८ सेंटिमीटर जाडीचा.

आपली पहिली, एकाच २० मीटर जाड नळकांड्याची 'कन्हान' तिथे नेली तर? ६,००० मीटरवर दाब ६०० किलो. मघाचाच हिशोब करा: कवच २ मीटर जाड हवं! पोलादाचा एक घनमीटर ७.८ टनांचा. तेवढं जाड कवच घातलं तर पाणी जेवढं उचलू शकतं त्याच्या अडीचपटीहून जास्त वजन नुसत्या पोलादाचंच होईल. पाणबुडी दगडासारखी तळाला जाईल ती कायमची.

मग किती खोलीपर्यंत जमेल? जिथे नुसत्या कवचाचं वजन बाजूला सारलेल्या पाण्याएवढं होईल, ती हद्द. कागदावर काढून पाहा, उत्तर २,००० मीटरच्या आसपास येईल. आता त्रिज्या १० च्या जागी ५ मीटर घ्या, मग २ घ्या. उत्तर तेच येतं! का, ते गुणाकार मांडलात की आपोआप दिसेल. आणि ते दिसलं की पुढचा प्रश्न सोडवा: मग 'मत्स्य' तिप्पट खोल कशी जाते? दोन खुणा देतो, त्यांनी उत्तराचा मोठा भाग सुटेल, सगळा नाही. तेवढ्याच त्रिज्येच्या नळकांड्यापेक्षा गोलाला निम्मी जाडी पुरते. आणि टायटॅनियमचा एक घनमीटर फक्त साडेचार टनांचा असतो.